उलटा उतरणारा साडू

या, आत या. दारात असे घुटमळू नका, पुढे सरका, गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. आजची गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही, म्हणून जवळ बोलावलं. दोन साडूंची गोष्ट आहे. सुरुवातीला हसू येईल, तेव्हा खुशाल हसा. पुढे घसा दाटून आला तर तोही मोकळा होऊ द्या. देवाने हसायला आणि रडायला तोंड एकच दिलं आहे, त्याला आपण काय करणार!

दोन सख्ख्या बहिणी, त्यांचे हे दोन नवरे. थोरलीचा तो थोरला साडू, धाकटीचा तो धाकटा. दोघांचा मिळून एक ट्रक होता आणि धंदा होता सामान हलवण्याचा. पण गावातलं, सपाटीवरचं सामान ते हलवत नसत. ते काम कोणीही करतं. डोंगरात आडबाजूला जी लाकडी घरं असतात, जिथे मोठी गाडी पोचत नाही, वळणावर वळता येत नाही आणि शेवटचा टप्पा पायीच चढावा लागतो, तिथली कपाटं, पलंग, पेट्या हे दोघे खाली आणत किंवा वर पोचवत. बाकीचे हमाल ज्या पत्त्याला हात जोडत, तो पत्ता यांच्याकडे यायचा.

फोन थोरला घ्यायचा आणि प्रत्येक फोन साधारण सारखाच असायचा.

"गाडी दारापर्यंत येते का?"

"येते की! म्हणजे, जवळजवळ येते."

"जवळजवळ म्हणजे किती?"

"हे काय, पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटं कुणाच्या पायांनी? तुमच्या का कपाटाच्या?"

लोक खोटं बोलत नसत हो. तिथे राहून राहून वाट त्यांच्या तळपायात मुरलेली असते. जिथे नवख्याची छाती फुटते, तिथे ते बोलत बोलत चढून जातात आणि मग मनापासून सांगतात, रस्ता तसा बरा आहे. म्हणून या दोघांनी पहिल्या वर्षीच एक नियम घालून घेतला होता: गिऱ्हाइकाच्या शब्दावर ट्रक हलवायचा नाही. दोन दिवस आधी धाकट्याने एकट्याने जाऊन वाट बघून यायची, आणि मगच हो म्हणायचं.

आता त्यांची काम करायची रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. जड वस्तू उतारावरून न्यायची तर दोन माणसं लागतात. एक वरच्या बाजूला, एक खालच्या. वस्तूला पट्टे बांधायचे आणि ते पट्टे दोघांनी खांद्यावर घ्यायचे. वरचा माणूस सरळ चालतो, त्याचं तोंड वाटेकडे. खालच्याचं तोंड वस्तूकडे, म्हणजे तो उलटा उतरतो. त्याला वाट दिसत नाही. त्याला दिसतो फक्त वरच्याचा चेहरा. वाट त्याला वरच्याने सांगायची: पायरी आली, दगड आला, थांब, डावा पाय आत घे. आणि एक शब्द खालच्याचा: "सोड." खालचा "सोड" म्हणाला की वरच्याने खांद्यातून पट्टा काढून टाकायचा, विचार करायचा नाही. नाहीतर दोघेही जातात.

बावीस वर्षं थोरला वर आणि धाकटा खाली. थोरला वाट नुसती सांगत नसे, गात असे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्याने देवळात कोणी गाऊन सांगितलेली प्रवचनं ऐकली होती. त्यातला अर्थ तेव्हा कळला नव्हता, पण ठेका अंगात बसला होता. "पाऽयरी आली, हो आली. उजवीकडं मूऽळ, त्याला पाय नको, नको." गिऱ्हाइकं हसत. धाकटा मात्र म्हणायचा, "चाल बदलू नको रे साडू. चाल बदललीस की माझा पाय अडखळतो."

आणि मधल्या विसाव्याला पट्टे सैल करून म्हणायचा, "बावीस वर्षं तुझंच थोबाड बघत उतरतोय. बायकोचं तोंड इतकं पाहिलं असतं तर ती सुखात असती."

"मग बघ ना तिचं."

"तिला वाट सांगता येत नाही. ती नुसती सांगते, वाट लागली!"

दोघांशिवाय आणखी दोघे होते. एक ड्रायव्हर, जो चाकामागे जागा असायचा आणि चाक थांबलं की झोपायचा, म्हणून त्याला डुलकीशेठ म्हणत. दुसरा खोकी वाहणारा हमाल. याची जीभ टाळूला कधी लागलीच नाही, म्हणून त्याचं नाव मौनीबाबा.

असं सगळं छान चाललेलं असताना थोरल्याच्या डोळ्यांनी दगा दिला.

एकदम नाही. आधी जेवताना पाण्याचा पेला सांडू लागला. मग उंबऱ्याला ठेच. मग रस्त्यात माणसं अचानक बाजूने उगवल्यासारखी समोर येऊ लागली. डोळ्यांच्या डॉक्टरने एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं, ठिपके दिसतात का विचारलं आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काचबिंदू आहे. कडेची नजर गेलीय आणि ती परत येत नाही. समोरचं राहिलंय, ते टिकवू. हे थेंब रोज घाला. आणि वजन उचलणं आजपासून बंद."

"समोरचं दिसतंय की मला लख्ख."

"लख्खच दिसेल. नळीतून बघितल्यासारखं. पण तुमचे स्वतःचे पाय दिसतात का? मान न वाकवता सांगा."

थोरल्याने मान न वाकवता बघितलं. पाय दिसत नव्हते.

घरी येऊन त्याने कोणाला काही सांगितलं नाही. थोरलीला म्हणाला, डोळ्यात धूळ जाते म्हणून थेंब दिलेत. आता तुम्ही म्हणाल, हा कसला माणूस, दुसऱ्याचा जीव याच्या डोळ्यांवर आणि हा गप्प? दुष्ट नव्हता हो तो. भ्याला होता. सांगितलं की जोडी तुटणार. धाकटा मौनीबाबाबरोबर उतरणार आणि आपण फोनपाशी खुर्चीवर बसणार, कोणीतरी हाताला धरून उठवेपर्यंत. आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी वाहिली, आता आपणच ओझं व्हायचं! रोज सकाळी देवापुढे हात जोडून तो म्हणायचा, "एवढा हंगाम जाऊ दे. थंडीत वरचे रस्ते बंद झाले की सांगतो." आणि प्रत्येक उतारावर त्याचं काळीज मुठीत असायचं, कारण आज ना उद्या आपण वाट चुकीची सांगणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण नवल असं की तो चुकत नव्हता. म्हणजे चुकायचा, एखादी पायरी त्याच्या तोंडून सुटायची, पण धाकट्याचा पाय बरोबर पडायचा. थोरला मनात म्हणायचा, देवच राखतोय.

हंगामाच्या अगदी शेवटी एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. सगळे तिला बाई म्हणत. पंचवीस वर्षं एकटी वर राहिलेली, आता गुडघे चालेनात म्हणून खाली बहिणीकडे जाणार होती.

"रस्ता कसा आहे बाई?"

"उत्तम आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळे नाही. ट्रक लाकडी पुलापाशी थांबेल. तिथून माझ्या दारापर्यंत दोन वाटा. एक दगडी पायऱ्यांची, एकशे चाळीस पायऱ्या, उभ्या. दुसरी वळणं घेत जाणारी पायवाट, लांब पण सपाट. पुस्तकांची छत्तीस खोकी आणि खोली तापवायची एक लोखंडी शेगडी आहे."

"शेगडी कशाला नेता? बहिणीकडे हीटर असेल."

"तुम्ही सामान हलवता का सामानाची चौकशी करता?"

थोरल्याने कानाला हात लावला. दुसऱ्या दिवशी धाकटा वाट बघायला गेला. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परतला, पाय आखडलेले, पोटऱ्यांना हात लावू देईना.

"इतका वेळ काय करत होतास?"

"बाईंनी शुद्धलेखन घातलं," धाकटा म्हणाला. "पायऱ्या बऱ्या आहेत. पायऱ्यांनी आणू."

"आणि पायवाट?"

"ती पुरती बघितली नाही. पायऱ्या आहेत ना."

ठरलेल्या दिवशी सकाळी लवकर ट्रक पुलापाशी लागला. ऊन स्वच्छ होतं. डुलकीशेठने चाकाला दगड लावला आणि टोपी तोंडावर घेतली. बाकी तिघे पायऱ्यांनी वर चढले. बाईंचं घर दोन खोल्यांचं. भिंतींवर पुस्तकांच्या फळ्यांचे चौकोनी डाग उरले होते, खोकी दोरीने बांधून एकावर एक रचली होती आणि प्रत्येकावर ठसठशीत अक्षरात आकडा. जेवणाच्या टेबलाचे पाय काढून त्याची फळी भिंतीला टेकवली होती. शेगडी मधोमध, छातीएवढी उंच, धुराडं काढलेलं.

धंद्याचा शिरस्ता असा की सगळ्यात जड ते सगळ्यात आधी, अंगात दम आहे तोवर. दोघांनी शेगडीला जुनी ब्लँकेटं गुंडाळली, पट्टे आवळले. थोरला पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि मान वाकवून खाली बघितलं. उभ्या, करड्या, एकीत एक मिसळलेल्या पायऱ्या. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते, ते त्याला कळेना. त्याने मनाशी हिशेब केला: पायरीची कड चुकली तर माणूस गेलाच, पायवाटेला निदान पायऱ्या नाहीत, पायाला उतार लागतो, त्यावरून सांगता येईल.

"साडू," तो म्हणाला, "पायवाटेने नेऊ."

धाकट्याचे हात पट्ट्यावर थांबले. "का? पायऱ्या ठरल्या होत्या."

"शेगडी जड आहे. पायऱ्यांवर गुडघे जातील. पायवाट सपाट आहे, बाई म्हणाल्या ना."

धाकट्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. मग हसून म्हणाला, "बरं. तू गा, मी उतरतो."

आणि उतरले. पहिलं वळण नीट गेलं, दुसरंही. थोरला गात होता, "सपाऽट आहे, हो सपाऽट. पुढं खडी, हलकेच टेक, टेक." धाकटा त्याच्यावर नजर लावून एकेक पाऊल मागे टाकत होता, नेहमीपेक्षा सावकाश, पायाच्या बोटांनी चाचपत. नेहमी तो असा चाचपत नसे. थोरल्याला ते जाणवलं आणि त्याचा त्याने भलताच अर्थ लावला: दमला बिचारा.

तिसऱ्या वळणावर पाण्याने वाटेची बाहेरची बाजू खाऊन टाकली होती. वर वाळकं गवत आडवं पडलेलं, खाली पोकळ. धड डोळ्याच्या माणसाला ते गवत बसलेलं दिसलं असतं. थोरल्याला धाकट्याचा चेहरा लख्ख दिसत होता. कपाळावरचा घाम, भुवईतली जुनी खूण, सगळं. फक्त त्याची पावलं दिसत नव्हती.

"सपाऽट आहे," तो गायला.

धाकट्याचा डावा पाय गवतात गेला. तो एकदाच ओरडला, "सोड!"

बावीस वर्षांच्या सवयीने थोरल्याने पट्टा सोडला.

दोन माणसांच्या उंचीएवढा कडा होता, खाली एक कपार. धाकटा कपारीत उताणा पडला आणि शेगडी त्याच्या कमरेवरून, बरगड्यांवरून पुढे गडगडत गेली. मौनीबाबा खोकं टाकून धावला. थोरला बसून, सरकत, हातांनी माती चाचपत खाली पोचला. धाकटा शुद्धीवर होता. चेहरा पांढरा फटक.

"शेगडी गेली का रे?" त्याने विचारलं. "बाई उभं करतील वर्गाबाहेर."

मोबाईलला रेंज नव्हती आणि घर सोडायचं म्हणून बाईंचा फोन तोडलेला. असती तरी पुलाच्या पुढे कोणती गाडी येणार होती? माणसाने माणसाला उचलून न्यायचं, एवढाच इलाज होता. मौनीबाबाने बाईंच्या टेबलाची फळी आणली. तिच्यावर ब्लँकेट घातलं, धाकट्याला अलगद घेतलं, त्याच पट्ट्यांनी बांधलं आणि कसंबसं वर वाटेवर काढलं. त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण ओठातून रक्त आलं होतं.

"पायऱ्यांनी न्या," तो म्हणाला. "पायवाट मोडलीय."

खालच्या टोकाला मौनीबाबा, वरच्या टोकाला, डोक्याशी, थोरला. बाई मागून काठी टेकत. वळणं परत चढून सगळे पायऱ्यांच्या तोंडाशी आले आणि थोरला थांबला. समोर फळी, फळीच्या खाली आपले पाय, आणि पाय तर केव्हाचे हरवलेले. त्याच्या घशातून चाल निघेना. काय सांगणार होता तो, आणि कुणाला?

तेवढ्यात फळीवरून आवाज आला, हळू पण स्पष्ट. "साडू, पहिल्या बारा सरळ आहेत. सारख्या उंचीच्या. टाक पाय."

थोरल्याने पाय टाकला. पायरी होती.

"तेरावी अर्धी आहे, उजवीकडून तुटलेली. डावीकडे ये. हं. आता पुन्हा सहा सरळ."

धाकट्याचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनी तो वाट सांगत होता. थोरल्याने खाली बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो चेहरा त्याला उलटा दिसत होता, कपाळ खाली आणि हनुवटी वर.

"तुला ह्या पायऱ्या पाठ कशा?" त्याने विचारलं.

मागून बाई बोलल्या. त्यांचा शाळेतला आवाज पार फाटला होता. "परवा ते याच पायऱ्या उतरत होते. उलटे. पाठीकडून. सात वेळा. मी म्हटलं, अहो, डोकं फिरलंय का? तर म्हणाले, बाई, कोणाला सांगू नका, धडा पाठ करतोय."

फळीचा पट्टा खांद्यावर असताना माणसाला थांबता येत नाही हो. रडायलाही थांबता येत नाही. थोरला चालत राहिला.

"कधीपासून?" तो म्हणाला.

"काय कधीपासून? एकोणतीस, रुंद आहे, दोन पावलं टाक."

"तुला माहीत आहे मी काय विचारतोय."

"मागच्या थंडीपासून." धाकट्याला श्वास घ्यायला वेळ लागला. "डोळ्यात थेंब घालतोस आणि म्हणतोस धूळ गेली. बर्फात कुठली आलीय रे धूळ?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. एवढा काय घाईचा विषय. छत्तीस. डुगडुगते, मधोमध पाय नको."

"आज तरी! पायवाट नको म्हणायचंस. हट्ट धरायचास!"

चार पायऱ्या गेल्या. मग धाकटा म्हणाला, "हट्ट धरला असता तर तुला कळलं असतं."

एकाने डोळे गेल्याचं लपवलं, दुसऱ्याने ते कळल्याचं लपवलं. एक दुसऱ्याला जपण्यासाठी पायऱ्या सोडून पायवाटेला गेला आणि दुसरा पहिल्याची लाज राखण्यासाठी न बघितलेल्या वाटेवर उलटा उतरला. वैऱ्यांनी केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

साठ झाल्या, सत्तर झाल्या. मौनीबाबा त्या दिवशी खरोखरच मौनी झाला होता. नुसता त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. धाकट्याचा आवाज बारीक होत चालला. आता तो सगळ्या पायऱ्या सांगत नव्हता, फक्त वाईट तेवढ्याच सांगत होता. "नव्वदावी... खोल आहे." मग पुष्कळ वेळाने, "एकशे बारा. डावीकडे ओल आहे. शेवाळ."

थोरल्याने उजवीकडे पाय टाकला. मग पुढचा. मग एका पायरीवर उभा राहून वाट बघू लागला.

पुढची हाक आली नाही.

"साडू?" तो म्हणाला. "साडू, पुढची सांग."

खालून मौनीबाबाने मान वळवून बघितलं आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. फळी हलू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, त्यामुळे त्याला डोळेही पुसता येईनात.

"मौनीबाबा," थोरला म्हणाला, "आता तू सांग रे."

आणि मौनीबाबाने राहिलेल्या सगळ्या पायऱ्या मोठ्याने मोजत, एकेक सांगत, दोघांना खाली आणलं. पुलापाशी डुलकीशेठ जागा होता. त्याने दुरूनच टोपी काढली.

पुढचे दिवस कसे गेले, ते सांगून तुम्हाला छळत नाही. घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. मौनीबाबाने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की कड ढासळली, कोणाचा दोष नाही, देवाची मर्जी. पायऱ्यांवर काय बोलणं झालं ते त्याने गिळून टाकलं. बाईही काही बोलल्या नाहीत. म्हणजे थोरल्यापुढे वाट मोकळी होती. नुसतं गप्प राहायचं. गप्प राहण्यात तर तो वर्षभरात चांगला तरबेज झाला होता. आणि थोरली त्याला रात्रंदिवस म्हणत होती, "तुम्ही खचू नका. तुम्ही खचलात तर धाकटीने कोणाकडे बघायचं?"

तेराव्या का चौदाव्या दिवशी, दुपारची वेळ साधून, तो एकटाच धाकटीकडे गेला. भिंतीला हात लावत गेला. धाकटी स्वयंपाकघरात खाली बसून डबे पुसत होती. स्वच्छ असलेलेच डबे पुन्हा पुसत होती.

"बसा भावजी," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

"आधी ऐक. मग द्यावंसं वाटलं तर दे."

आणि त्याने सांगितलं. डॉक्टरपासून सुरुवात केली, थेंब, धूळ, पायऱ्यांच्या तोंडाशी केलेला हिशेब, गवत. "मी 'सपाट' म्हणालो म्हणून त्याने पाय टाकला. कड ढासळली हे खरं आहे, पण ती मला दिसायला हवी होती. दिसणार नाही हे मला माहीत होतं. आणि त्याला माहीत होतं की मला दिसत नाही." मग पायऱ्यांवरचं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. काही वगळलं नाही.

धाकटीच्या हातातलं फडकं थांबलं होतं. तिने विचारलं, "शेवटी काय म्हणाले?"

"डावीकडे ओल आहे, शेवाळ."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काही नाही."

"माझं नाव नाही घेतलं?"

थोरल्याच्या ओठावर 'घेतलं' हा शब्द अगदी येऊन उभा राहिला. केवढा साधा शब्द! एवढा उच्चारला असता तर धाकटीला जन्मभराची शिदोरी झाली असती, आणि खोटं ठरवायला कोण येणार होतं? पण लपवलेल्या गोष्टीने काय होतं, ते त्याने खांद्यावर वाहून आणलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "नाही घेतलं. वाट सांगण्यात होता."

धाकटी रडली नाही, ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्याशी पण नाही बोलले वर्षभरात. मी विचारायची, पाय का दुखतात इतके? तर म्हणायचे, वय झालं." मग डबा खाली ठेवून, "भावजी, तुम्ही आता जा. परत यायचं तेव्हा मीच बोलावीन. कधी ते सांगत नाही."

तो उठला. बरोबरच बोलली, मनात म्हणाला. दारात आला आणि चपला शोधू लागला. त्या त्याच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर होत्या, पण तो समोरच बघत होता, पाय लांब करून जमीन चाचपत होता. आपल्या नवऱ्याने वर्षभर काय बघितलं, ते धाकटीने त्या क्षणी पहिल्यांदा बघितलं. ती उठली. हात लावला नाही. पायाने दोन्ही चपला सरकवून त्याच्या पावलांसमोर आणल्या, आणि आत गेली.

ट्रक आता मौनीबाबा चालवतो, म्हणजे धंदा चालवतो. चाक डुलकीशेठकडेच आहे. थोरला फोनपाशी बसतो. कोणी म्हणालं, रस्ता बरा आहे, तर तो फोन थोरलीकडे देतो. धाकटीने अजून बोलावलेलं नाही. तो वाट बघतोय.

झालं. एवढीच गोष्ट. आता उठाल, घरोघर जाल, कोणी डोळ्यांना पदर लावाल, कोणी चुलीकडे वळाल. जायच्या आधी एक मागणं आहे, नाही म्हणू नका. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा तुमच्या माणसांची नावं घेऊन झाली की एक क्षण थांबा आणि त्या धाकट्या साडूची आठवण काढा. त्याचं नाव तुम्हाला सांगितलेलं नाही, नसू दे. उलटा उतरणारा म्हणा. ज्याच्या दरबारात हे पोचायचं आहे, तो ओळखतो त्याला.